टायटल वनचा ताळेबंद पालकांच्या हाती द्या

अमेरिकेत घर बघायला निघालेल्या मराठी कुटुंबाला एक सल्ला हमखास मिळतो: "त्या बाजूला नको, तिथली शाळा टायटल वन आहे." सांगणारा आणि ऐकणारा, दोघंही टायटल वन म्हणजे वाईट शाळा असं धरून चालतात. हे धरणंच चुकीचं आहे. टायटल वन हे केंद्र सरकारच्या एका अनुदानाचं नाव आहे. त्या शाळेत कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं बरीच आहेत, एवढंच त्यावरून कळतं. शिक्षक कसे शिकवतात, वर्गात शिस्त किती, मुलं वर्षभरात किती पुढे सरकतात, यातलं काहीही त्या नावात नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक सरकारी शाळा हे अनुदान घेतात. मराठी माणसांची वस्ती असलेल्या अनेक सुखवस्तू उपनगरांतही एखाद-दुसरी टायटल वन शाळा असते.

हा गैरसमज टिकून राहण्यात पालकांचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा मोठा आहे. प्रत्येक टायटल वन शाळेने वर्षातून एकदा पालकांची सभा बोलवावी आणि हे अनुदान काय आहे, त्याच्या अटी कोणत्या, पालकांचे हक्क कोणते हे त्यांना सांगावं, असं कायदाच सांगतो. बऱ्याच ठिकाणी ही सभा सप्टेंबरच्या आसपास, बॅक टू स्कूल नाइटच्या, म्हणजे नव्या वर्षात पालकांना शाळेत बोलावतात त्या संध्याकाळी उरकली जाते. पडद्यावर तीन-चार स्लाइड येतात, पालकांचा सहभाग मोलाचा असल्याचं एक वाक्य येतं, हजेरीपट फिरतो. हजेरीपट फिरतोच, कारण तपासणी आली की सभा झाल्याचा पुरावा म्हणून तो कागद लागतो. शाळेला यंदा किती डॉलर मिळाले आणि ते कशावर जाणार आहेत, हे मात्र अनेकदा कुणी बोलत नाही. आमचं म्हणणं असं की हे अनुदान पालकांना आकड्यांत समजावलं पाहिजे, आणि समजावून झाल्यावर त्या आकड्यांवर पालकांचं मत बंधनकारक असलं पाहिजे. रंगीत माहितीपत्रक वाटून ही जबाबदारी संपत नाही.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. अमेरिकेत शाळांचा खर्च मुख्यतः राज्य आणि स्थानिक मालमत्ता कर यांतून भागतो. केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास फिरतो. मालमत्ता करावर शाळा चालली की महागड्या घरांच्या गावाची शाळा श्रीमंत आणि भाड्याच्या घरांच्या गावाची शाळा गरीब, हे ओघानं आलंच. १९७३ साली सॅन अँटोनिओच्या पालकांनी याविरुद्ध नेलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला; शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. त्यामुळे ही दरी थोडीफार भरून काढायचं केंद्राच्या हातातलं मोठं साधन टायटल वनच राहिलं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणीच्या शाळेपाशी, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून, टायटल वन ज्याचा भाग आहे त्या शिक्षण कायद्यावर सही केली. कायद्याचं नाव आणि रूप पुढे अनेकदा बदललं. सध्याचा अवतार १० डिसेंबर २०१५ चा आहे. अलीकडच्या वर्षांत टायटल वनच्या मुख्य भागासाठी वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर मंजूर होत आले आहेत.

आकडा मोठा दिसतो, पण तो फार पातळ पसरतो, आणि तसा पसरावा अशीच सूत्रांची रचना आहे. वाटपाची सूत्रं चार आहेत. सगळ्यांत जुन्या, मूळ सूत्रात डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत, ५ ते १७ वयाची किमान दहा गरीब मुलं असली आणि ती त्या वयाच्या एकूण मुलांच्या दोन टक्क्यांहून जास्त भरली, की पैसे मिळतात. दोन टक्क्यांची चाळण म्हणजे चाळण नव्हेच. खाऊनपिऊन सुखी गावंही तिच्यातून सहज पार होतात. दुसरं सूत्र ६,५०० हून अधिक किंवा पंधरा टक्क्यांहून अधिक गरीब मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टसाठी आहे. उरलेली दोन सूत्रं गरिबी दाट तिथे जास्त वजन देतात. पण त्यांत एक मेख आहे. वजन टक्क्यांवर काढायचं की संख्येवर, हे दोन्ही प्रकारे मोजून ज्यात जास्त भरेल ते धरलं जातं. त्यामुळे टक्केवारी बेताचीच पण मुलांची संख्या प्रचंड, अशा मोठ्या डिस्ट्रिक्टला फायदा होतो, आणि निम्मी मुलं गरीब असलेलं छोटं गाव मागे पडतं. शिवाय लहान राज्यांना किमान रकमेची हमी आहे, आणि सूत्रात राज्य स्वतः एका मुलावर किती खर्च करतं हेही गुणलं जातं. याचा परिणाम असा की २०१५ च्या वाटपात व्हरमाँटमधल्या एका गरीब मुलामागे अडीच हजार डॉलरहून अधिक आले, तर आयडाहोतल्या मुलामागे हजारही नाहीत. दोन्हीकडे गरिबी मोजायची रेषा एकच असते. सूत्र बदलायचं तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच बदलायला हवं, आणि कुठलाही खासदार आपल्या मतदारसंघाचे पैसे कमी करणाऱ्या सूत्राला मत देत नाही. कोणत्याही डिस्ट्रिक्टचं अनुदान एका वर्षात ठरावीक मर्यादेपलीकडे घटू नये अशी तरतूदही कायद्यात आहे: गरिबी तीस टक्के किंवा जास्त असेल तर आधीच्या वर्षाच्या ९५ टक्के, पंधरा ते तीसच्या मध्ये असेल तर ९० टक्के, त्याखाली ८५ टक्के. डिस्ट्रिक्टला धक्का बसू नये म्हणून हे चांगलंच. पण गरिबी जिथे वाढली तिथे पैसा पोहोचायला त्यामुळे वर्षं लागतात.

डिस्ट्रिक्टपर्यंत पैसा जनगणना विभागाच्या गरिबीच्या अंदाजावर येतो. डिस्ट्रिक्टमधून शाळेत तो वेगळ्याच मापाने जातो, आणि पालकांचा गोंधळ इथेच होतो. डिस्ट्रिक्ट आपल्या शाळांची गरिबीच्या टक्केवारीप्रमाणे उतरती यादी करतं. पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच्या सगळ्या शाळांना आधी द्यावंच लागतं, मग ती प्राथमिक असो वा हायस्कूल. त्याखाली डिस्ट्रिक्टला मुभा असते: फक्त प्राथमिक शाळांना देऊ, साठ टक्क्यांच्या वरच्यांनाच देऊ, असं ते ठरवू शकतं. डिस्ट्रिक्टच्या सरासरीइतकी किंवा निदान ३५ टक्के गरिबी असेल तर शाळा पात्र ठरते. पण पात्र असणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. साठ टक्के गरिबी असलेल्या एखाद्या हायस्कूलला एक पैसाही मिळत नाही आणि शेजारच्या तेवढ्याच गरीब प्राथमिक शाळेला मिळतो, असं घडतं. त्यात बेकायदा काही नाही. तो डिस्ट्रिक्टचा निर्णय असतो, आणि तो का घेतला हे विचारायचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

शाळेतली गरिबी मोजायला बहुतेक डिस्ट्रिक्ट मोफत किंवा सवलतीच्या दुपारच्या जेवणाची आकडेवारी वापरतात. जेवणाची योजना शेती खात्याची आहे आणि टायटल वनशी तिचा पैशाचा काही संबंध नाही. टायटल वन शाळा म्हणजे फुकट जेवणाची शाळा, हा समज या उसन्या मोजपट्टीतून आला. घराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. ही रेषा वाटते तितकी खाली नाही. विद्यापीठाच्या गावात पीएच.डी. करणारा बाबा, व्हिसामुळे काम करू न शकणारी आई आणि दोन मुलं असं घर त्या रेषेखाली सहज येऊ शकतं. अशी मराठी घरं आहेत, आणि त्यांतली अनेक लाजेने किंवा भीतीने अर्ज भरत नाहीत. त्या अर्जात इमिग्रेशनचा दर्जा विचारलेला नसतो. घरातल्या एका प्रौढाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागितलेले असतात, आणि तो क्रमांक नसेल तर तशी खूण करायची सोय असते. अर्ज न भरल्याने मुलाचं जेवण जातंच, वर शाळेची टक्केवारीही एका मुलाने कमी होते. एक-दोन टक्क्यांनी शाळा यादीतून घसरली की एका शिक्षिकेची जागा जाऊ शकते.

हल्ली यात आणखी एक गुंता झाला आहे. अनेक शाळा सगळ्याच मुलांना मोफत जेवण देतात आणि घरोघरचे अर्ज घेतच नाहीत. सरकारी अन्नसाहाय्य किंवा तत्सम मदत घेणाऱ्या घरांतली मुलं थेट याद्यांवरून मोजली जातात आणि त्या संख्येला १.६ ने गुणलं जातं. आधी अशा मुलांचं प्रमाण ४० टक्के असलेल्या शाळांनाच ही सोय होती. ऑक्टोबर २०२३ पासून ती मर्यादा २५ टक्क्यांवर आली. मुलांच्या पोटासाठी हे उत्तमच झालं. मोजणीत मात्र ज्या स्थलांतरित कुटुंबांना अन्नसाहाय्य घेताच येत नाही, त्यांची मुलं थेट यादीत येत नाहीत, आणि १.६ चा गुणक ती तूट सगळीकडे सारखी भरून काढत नाही. म्हणून काही ठिकाणी शाळा उत्पन्नाचा वेगळा फॉर्म पाठवते. "जेवण तर सगळ्यांनाच फुकट आहे, मग हा कशाला?" म्हणून तो कचऱ्यात जातो. तो भरून द्यावा. शाळेच्या कार्यालयातल्या बाईंनी तो का हवा आहे हे दोन ओळींत सांगितलं, तर बरेच फॉर्म परत येतील.

शाळेच्या हातात प्रत्यक्षात किती पडतं, याचा हिशेब करून पाहू. समजा शाळेत ५०० मुलं आहेत, त्यांतली ३०० गरीब मोजली गेली आणि डिस्ट्रिक्टने गरीब मुलामागे ६०० डॉलर ठरवले. शाळेला १,८०,००० डॉलर मिळाले. पगार, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन धरलं तर यात दोन शिक्षकांच्या जागा बसतात, फार तर वर थोडी पुस्तकं. म्हणजे पाचशे मुलांच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्यांसाठी एक शिक्षिका आणि गणितासाठी एक. "केंद्राचा पैसा येतो, मग शाळा सुधारत का नाही?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर या बेरजेत आहे. उरलेलं निम्मं उत्तर ते दोन शिक्षक काय काम करतात यात आहे. रोज तीस-चाळीस मिनिटं, चार-पाच मुलांचा गट, तीच शिक्षिका, वर्षभर, असं चाललं तर वाचनात फरक पडतो. तीच शिक्षिका गैरहजर शिक्षकांच्या वर्गांवर बदली म्हणून जात राहिली, परीक्षांची व्यवस्था बघत राहिली, तर कागदावर जागा भरलेली दिसते आणि मुलाच्या वाट्याला काही येत नाही. पालकांनी नेमकं हेच विचारावं: गेल्या महिन्यात किती दिवस हा गट खरोखर भरला?

गरिबी ४० टक्के किंवा अधिक असलेली शाळा हा पैसा सगळ्या शाळेच्या सुधारणेसाठी वापरू शकते. त्यासाठी शाळेची गरज तपासून लिखित आराखडा करावा लागतो आणि दरवर्षी तो पुन्हा पाहावा लागतो. चाळीसच्या खालच्या शाळेत, राज्याने सूट दिली नसेल तर, अभ्यासात मागे पडलेली मुलं निवडून त्यांच्यावरच खर्च करावा लागतो. ती निवड उत्पन्नावर होत नाही. पैसा गरीब मुलांच्या संख्येवर येतो, पण मदत अभ्यासाची गरज बघून दिली जाते. सॉफ्टवेअर इंजिनिअरचं मूल वाचनात अडखळत असेल तर त्यालाही ती मिळू शकते. हे कळत नाही म्हणून मुलाला त्या गटात बसवायला नकार देणारे पालक आहेत, आणि तो नकार मुलाला महागात पडतो.

पालकांना निर्णयात जागा का हवी, याचं उत्तर या अनुदानाच्या इतिहासात आहे. कायदा झाल्यानंतर चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, रुबी मार्टिन आणि फिलिस मॅकक्लुअर यांनी सरकारी लेखापरीक्षणं चाळून एक अहवाल काढला. गरीब मुलांसाठीच्या पैशातून कुठे पोहण्याचे तलाव घेतले गेले होते, तर कुठे डिस्ट्रिक्ट करतं तो नेहमीचाच खर्च या पैशातून भागवून स्थानिक पैसा दुसरीकडे वळवला गेला होता. त्यानंतर १९७० मध्ये दोन अटी कडक झाल्या: केंद्राचा पैसा स्थानिक पैशाच्या वर असला पाहिजे, त्याच्या जागी नव्हे, आणि टायटल वन शाळांना स्थानिक पैसा इतर शाळांच्या बरोबरीने मिळाला पाहिजे. १९७४ मध्ये काँग्रेसने आणखी पुढे जाऊन प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये आणि प्रत्येक टायटल वन शाळेत पालकांचं बहुमत असलेली सल्लागार समिती सक्तीची केली. ज्या आया कधी शाळेच्या कार्यालयात बसल्या नव्हत्या, त्या या समित्यांमुळे अंदाजपत्रक वाचू लागल्या. रेगन सरकारच्या काळात, १९८१ च्या कायद्याने, ही सक्ती काढली. कागदपत्रांचा बोजा कमी करण्याच्या नावाखाली ते झालं. तेव्हापासून केंद्राच्या कायद्यात पालकांशी ‘सल्लामसलत’ आहे, पालकांच्या हाती मत नाही.

१९९४ मध्ये थोडं परत मिळालं. पाच लाख डॉलरहून अधिक टायटल वन मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टने किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी राखून ठेवायचा; सध्याच्या नियमाने त्यातला ९० टक्के शाळांकडे जातो, आणि तो कसा खर्चायचा हे ठरवताना पालकांना बरोबर घ्यावं लागतं. पण हाही आकडा बघा. डिस्ट्रिक्टला वीस लाख डॉलर मिळाले तर एक टक्का म्हणजे वीस हजार. शाळांकडे गेले अठरा हजार. बारा शाळा असतील तर प्रत्येकीला दीड हजार. त्यातून वर्षाकाठी दोन संध्याकाळी पिझ्झा, थोडी पुस्तकं आणि एक दुभाषी एवढंच निघतं. पिझ्झ्याला आमचा विरोध नाही. कामावरून थेट येणाऱ्या आईला मुलासकट जेवण मिळालं तर ती थांबते, आणि थांबली तरच बोलते. पण दीड हजारांवर पालकांना बोलू द्यायचं आणि एक लाख ऐंशी हजारांवर नाही, ही सहभागाची थट्टा आहे.

बरोबरीच्या अटीतही मोठं भोक राहिलं आहे. टायटल वन शाळा इतरांच्या बरोबरीने चालते हे डिस्ट्रिक्टने सहसा शिक्षक आणि मुलं यांच्या प्रमाणावरून दाखवायचं असतं, आणि त्यात दहा टक्क्यांची सूट आहे. शिवाय ज्येष्ठतेमुळे वाढलेला पगार हिशेबात धरला जात नाही. दोन शाळांत वीस-वीस शिक्षक आहेत. एकीत बहुतेक नवे, समजा ५५,००० पगाराचे, दुसरीत बहुतेक जुने, ९५,००० चे. कायद्याच्या लेखी दोन्ही सारख्या. प्रत्यक्षात दुसऱ्या शाळेवर वर्षाला आठ लाख डॉलर जास्त खर्च होतात, आणि त्यापुढे टायटल वनचे १,८०,००० कुठे पुरणार? अनुभवी शिक्षक सोप्या शाळांकडे बदली मागतात, ज्येष्ठतेप्रमाणे ती मिळते, आणि गरीब शाळेत दर दोन वर्षांनी नवा चेहरा येतो. हे भोक बुजवायचे प्रयत्न झाले आणि हाणून पाडले गेले. २०१५ च्या कायद्याने एक गोष्ट मात्र दिली. राज्याच्या वार्षिक अहवालात आता प्रत्येक शाळेचा दर मुलामागचा खरा खर्च, खऱ्या पगारांसकट, छापावा लागतो. केंद्राचा पैसा वेगळा आणि राज्य-स्थानिक पैसा वेगळा. आपल्या शाळेचा स्थानिक आकडा शेजारच्या श्रीमंत वस्तीतल्या शाळेच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. घर घेताना शाळेचे गुण बघणाऱ्या मराठी पालकांनी हा आकडाही बघावा.

सभेला जाताना पालकांनी काय मागावं? यंदाची एकूण रक्कम, गरीब मुलामागे डिस्ट्रिक्टने ठरवलेला दर, आणि त्या रकमेचा जागांमध्ये आणि वस्तूंमध्ये झालेला खर्च. डिस्ट्रिक्टने शाळांना वाटण्याआधी स्वतःकडे किती ठेवलं हेही विचारावं. बेघर मुलांसाठी राखणं भागच असतं, पण कार्यालयीन खर्च, प्रशिक्षणं, सल्लागार यांत किती गेलं ते कळायला हवं. मग गेल्या वर्षीचं शिल्लक. डिस्ट्रिक्टला साधारण पंधरा टक्केच पुढच्या वर्षात नेता येतात, आणि पैसा एकूण सत्तावीस महिन्यांत वापरावा लागतो. म्हणून मे-जूनमध्ये घाईघाईने टॅब्लेट आणि सॉफ्टवेअरचे परवाने विकत घेतले जातात. जागा भरायला उशीर झाला, पगाराचे पैसे उरले, आणि ते कुठेतरी संपवायचे म्हणून संपवले, अशी ही साखळी असते. वसंत ऋतूतच "किती शिल्लक आहे आणि का?" असं विचारलं तर उन्हाळी वर्ग घ्यायला वेळ उरतो. शाळा आणि पालक यांच्यातला करारनामा, ज्याला सगळे कॉम्पॅक्ट म्हणतात, तोही पालकांबरोबर बसून लिहिलेला असायला हवा. दरवर्षी तारीख बदलून तोच कागद सहीला येत असेल तर सही करण्याआधी तो कधी आणि कुणी लिहिला हे विचारावं. सगळ्या शाळेसाठीचा आराखडा पालकांना पटला नाही, तर त्यांनी लिहून दिलेला आक्षेप शाळेने डिस्ट्रिक्टकडे आराखड्याबरोबर पाठवलाच पाहिजे. तोंडी तक्रार हवेत विरते, म्हणून आक्षेप लिहूनच द्यावा.

आणखी दोन पत्रं पालकांना येतात किंवा यायला हवीत. मुलाला सलग चार आठवडे किंवा जास्त काळ राज्याची पात्रता नसलेला शिक्षक शिकवत असेल, तर टायटल वन शाळेने तसं कळवायचं असतं. आणि शिक्षकाची पात्रता काय हे पालक केव्हाही विचारू शकतात. दुसरं पत्र मराठी घरांत नेहमी येतं आणि क्वचितच समजून घेतलं जातं. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा म्हणून ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. त्यात मूल कमी पडलं तर वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत घरी पत्र येतं: मुलाची पातळी काय, त्याला कोणत्या पद्धतीने शिकवणार, त्यातून बाहेर पडायचे निकष कोणते, आणि तो वर्ग नाकारायचा पालकांचा हक्क. हा हक्क टायटल वनमध्येच लिहिलेला आहे. वर्ग नाकारला तरी दरवर्षीची इंग्रजीची चाचणी चुकत नाही. म्हणून घरची भाषा इंग्रजी असं खोटं लिहिण्यापेक्षा मराठीच लिहावं, पत्र नीट वाचावं आणि मग ठरवावं. इंग्रजीत अडचण असलेल्या पालकांना, शक्य असेल तिथवर, त्यांना समजेल अशा भाषेत माहिती द्यायची असते. आजी-आजोबांवर मुलं सोपवणाऱ्या घरांनी सभेच्या आठवडाभर आधी मराठी दुभाषी लेखी मागावा. शाळेपाशी नसला तरी फोनवरून दुभाषी देणाऱ्या सेवा अनेक डिस्ट्रिक्ट घेतात.

१ जुलै २०२५ रोजी केंद्राने शिक्षणाचे अनेक निधी अचानक अडवले तेव्हा "टायटल वन बंद झालं" अशा अफवा पसरल्या. अडवलेले निधी दुसरे होते, टायटल वनचा मुख्य निधी त्यांत नव्हता, आणि जुलै संपायच्या आत अडवलेले निधीही सोडण्यात आले. शिक्षण खातं बंद करण्याच्या मार्च २०२५ च्या आदेशाबद्दलही असंच सांगता येईल: टायटल वन हा कायदा आहे आणि तो काँग्रेसच रद्द करू शकते. ज्या शाळेत पालकांना अनुदानाचं नाव आणि रक्कम ठाऊक असते, तिथे अशी अफवा फार काळ टिकत नाही.

पालकांना मत द्यायचं म्हटलं की प्रशासकांचं उत्तर ठरलेलं असतं: पालकांना अंदाजपत्रक कळत नाही, सभेला कुणी येत नाही, निर्णय अडकून पडतील. पण कॅलिफोर्नियात हे चालू आहे. तिथे राज्याच्या कायद्याने असा निधी घेणाऱ्या शाळांना साइट कौन्सिल लागते. प्राथमिक शाळेत निम्मे सदस्य प्रिन्सिपल, शिक्षक आणि कर्मचारी, आणि निम्मे पालकांनी निवडून दिलेले. शाळेचा आराखडा आणि त्यातला टायटल वनचा खर्च ही समिती दरवर्षी तयार करते आणि मंजूर करते. मग तो डिस्ट्रिक्टच्या बोर्डाकडे जातो. महाराष्ट्रातही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि शाळा विकास आराखडा व अनुदानाच्या वापरावर देखरेख हे काम त्यांच्याकडे सोपवलं. पुष्कळ गावांत ती समिती सरपंचांच्या सोयीने भरली जाते, हेही खरं. तरी ज्या गावात आईबाप भांडायला उभे राहतात, तिथे त्यांच्या हातात कायद्याचं कलम असतं. अमेरिकेतल्या बहुतेक टायटल वन शाळांत ते नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट, सॅन होजे, सनीव्हेल भागातल्या मराठी पालकांना साइट कौन्सिलची निवडणूक लढवायला आजही कुणी अडवलेलं नाही. या निवडणुका सहसा शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतात आणि अनेक शाळांत जागांइतकेही उमेदवार मिळत नाहीत. इतर राज्यांत पालकांनी शाळेकडे नव्हे, राज्याच्या विधिमंडळाकडे मागणी न्यायला हवी. टायटल वन घेणाऱ्या प्रत्येक शाळेत निवडून आलेल्या पालकांची निम्मी समिती असावी. अनुदानाची रक्कम आणि खर्चाचा मसुदा सभेच्या आठवडाभर आधी, पालकांच्या भाषेत, त्यांच्या हातात पडावा. समितीच्या मंजुरीशिवाय आराखडा डिस्ट्रिक्टकडे जाऊ नये. आणि काँग्रेसने १९८१ मध्ये काढून घेतलेलं कलम, या वेळी सल्ल्याऐवजी मताच्या अधिकारासह, कायद्यात परत घालावं.